गाडी एक फूट मागे गेली आणि मी नापास झाले

आजच्या भागाची सुरुवात जरा लाजिरवाणी आहे. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले.

झालं असं, की चढावर गाडी थांबवायची आणि परत काढायची होती. सरावात पन्नास वेळा केलेली गोष्ट. पण त्या दिवशी शेजारच्या सीटवर साहेब बसलेले, मागे दहा-बारा जण आपापल्या नंबरची वाट बघत उभे, आणि माझा डावा पाय थरथरतोय. हँडब्रेक सोडला आणि क्लच पकडायच्या आत गाडी मागे सरकली. फार नाही, फूटभर. साहेब शांतपणे म्हणाले, "मागे गेली. आठ दिवसांनी या."

बाहेर आल्यावर ड्रायव्हिंग स्कूलचे काका म्हणाले, "मागे गेली ते तर आहेच गं, पण तू आरशात एकदाही बघितलं नाहीस. तेही धरलंय त्यांनी." मी म्हटलं, काका, मी बघितलं होतं! तर म्हणाले, "डोळ्यांनी बघितलं असशील. मान कुठे हलली?"

घरी आले तर बाबा हसायलाच लागले. "अगं, मी तर टेस्टच दिली नव्हती. एजंटनं लायसन्स घरी आणून दिलं होतं." हे वाक्य बाबा गेली कित्येक वर्षं अभिमानानं सांगतात. तुमच्याही घरात कुणीतरी सांगत असेलच.

मग मी ठरवलं की या चुकांच्या मागे लागायचं. गाडी मागे जाऊ द्यायची नाही, आरसा बघायचा, हात दाखवायचा, रिव्हर्समध्ये दांडीला धक्का लावायचा नाही. ही यादी बनवली कुणी? आणि कशासाठी?

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पोलिसांनी हुकूम काढला, की मोटार चालवायची तर आधी लायक असल्याचा दाखला घ्या. जगातल्या ड्रायव्हिंग टेस्टची सुरुवात साधारण इथली धरतात. गंमत म्हणजे परीक्षा घ्यायला आले खाणखात्याचे इंजिनिअर! कारण तेव्हा वाफेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर होत्या, आणि बॉयलर तपासायचं काम फ्रान्समध्ये खाणखात्याकडे होतं. म्हणजे मूळ प्रश्न "तुला रस्ता कळतो का" असा नव्हताच. "तुला हे यंत्र कळतं का" असा होता. १८९९ मध्ये हा दाखला सगळ्या देशाला लागू झाला. त्याच वेळी वेगाची मर्यादाही आली, गावाबाहेर ताशी ३० किलोमीटर आणि गावात २०. आपल्या इथे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये २० मिळाले तरी आपण खूश होतो.

इंग्लंडनं मात्र परीक्षेची भानगडच ठेवली नाही. १९०३ चा मोटार कार कायदा आला आणि १ जानेवारी १९०४ पासून लायसन्स सुरू झालं. वय १७ पूर्ण, पाच शिलिंग भरा, कौन्सिलच्या कचेरीतून कागद घ्या. चालवता येतं का, हे कुणी विचारणारच नाही. तब्बल तीस वर्षं हे असंच चाललं. त्यात १९३० च्या कायद्यानं मोटारींची वेगमर्यादाही काढून टाकली, कारण तशीही ती कुणी पाळत नव्हतं.

आणि मग आकडे यायला लागले. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. जखमी दोन लाख तीस हजारांच्या वर. त्या वेळी तिथे वाहनं होती जेमतेम पंचवीस लाखांच्या आसपास. हल्ली तिथे वाहनं कोटींमध्ये आहेत, आणि २०२२ मध्ये मृत्यू होते १,७११. हे सगळं टेस्टमुळे झालं असं मी म्हणत नाही हं. सीटबेल्ट आले, रस्ते बदलले, हॉस्पिटलं सुधारली, दारू पिऊन चालवण्यावर कायदे आले. पण सुरुवातीच्या पावलांमध्ये टेस्ट होती.

तेव्हा वाहतूक खात्याचे मंत्री होते लेस्ली होर-बेलिशा. लंडनच्या फोटोंमध्ये झेब्रा क्रॉसिंगशेजारी काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा दिसतो ना, तो याच माणसाच्या नावानं ओळखला जातो. यांच्या काळात १९३४ चा रस्ते वाहतूक कायदा झाला आणि टेस्ट आली. मार्च १९३५ पासून ऐच्छिक, म्हणजे एकदम झुंबड उडू नये म्हणून, आणि १ जूनपासून सक्तीची. फी साडेसात शिलिंग. पहिले पास झालेले गृहस्थ होते मिस्टर बीअर. थट्टा नाही, खरंच आडनाव बीअर. स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ई' जास्त आहे एवढंच. ड्रायव्हिंग टेस्ट पास होणाऱ्या पहिल्या माणसाला याहून वाईट आडनाव शोधून सापडलं नसतं.

सुरुवातीला टेस्टसाठी केंद्रंच नव्हती. परीक्षक ठरलेल्या ठिकाणी भेटायचा, एखाद्या बागेपाशी, स्टेशनबाहेर, टाउन हॉलसमोर. पहिल्या वर्षी सुमारे २ लाख ४६ हजार अर्ज आले आणि पास झाले ६३ टक्के. म्हणजे शंभरातले सदतीस जण माझ्यासारखे तोंड पाडून घरी गेले. खोटं कशाला बोलू, हे वाचून मला बरं वाटलं.

पण या कायद्यात एक मोठी पळवाट होती. ज्यांनी १ एप्रिल १९३४ च्या आधी गाडी चालवायला सुरुवात केली होती, त्यांना टेस्टच नव्हती. आता बघा, ज्या आकड्यांमुळे हा कायदा करावा लागला, ते कुणाच्या हातून झाले होते? त्याच जुन्या चालकांच्या. त्यांना सरकारनं हात लावला नाही. ते आणखी चाळीस-पन्नास वर्षं, वारेपर्यंत, टेस्ट न देता चालवत राहिले. म्हणजे "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणणारे काका-मामा तिथेही होते.

आता माझ्या चुकांकडे येते. पहिला आरसा.

सुरुवातीच्या मोटारींना आरसा नसायचाच. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्लिश बाईनं बायकांसाठी मोटार चालवण्यावर एक पुस्तक लिहिलं. ती स्वतः शर्यतीत गाडी चालवायची. तिनं सल्ला दिला, की गाडीत एक छोटा हातातला आरसा ठेवा, आणि मधूनमधून तो वर धरून मागे कोण येतंय ते बघा. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. तेव्हा प्रत्येक गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा, आणि मागून कोण येतंय हे ओरडून सांगणं हे त्याच्या कामातलं एक काम. रे हॅरून नावाच्या चालकानं मेकॅनिक घेतलाच नाही, त्याऐवजी समोर एक आरसा बसवला. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, की हे धोक्याचं आहे. शर्यत हॅरूनच जिंकला. नंतर त्यानं कबूल केलं, की विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका हादरत होता की त्यात धड काही दिसतच नव्हतं!

हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे तो ओरडून सांगणारा मेकॅनिक अजून आहे. पार्किंगमधून गाडी काढताना बघा. कुणीतरी मागे उभं राहतं आणि सुरू होतं, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बस्स!" आणि डिकीवर थाप. वॉचमन असेल, मावशी असेल, रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही थांबून हे काम आनंदानं करतो. यात वाईट काही नाही. पण याच सवयीनं आपण आरसा शिकतच नाही. टेस्टमध्ये 'एच' काढताना मागे कुणी नसतं. तिथे पहिल्यांदा कळतं, की आपण आजवर कानांनी रिव्हर्स घेत होतो.

आणि काका म्हणाले ते मानेचं. परीक्षकाला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. त्याला मान दिसते. आपल्या देशाच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १५ वा नियम टेस्टचा आहे. त्यात परीक्षार्थ्याला काय काय करून दाखवता आलं पाहिजे याची लांबलचक यादी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच येतो मागचा आरसा नीट लावणं. पुढे पुन्हा येतं, की सिग्नल देण्याआधी, गाडी काढण्याआधी, वळण्याआधी, ओव्हरटेक करण्याआधी, थांबण्याआधी आरशाचा वापर झाला पाहिजे. "आधी" हा शब्द महत्त्वाचा. मी इंडिकेटर लावून मग आरसा बघत होते. म्हणजे आधी जाहीर करायचं की मी वळतेय, आणि मग बघायचं की वळता येतंय का. ब्रिटनमध्येही नापास होण्याची नेहमीची कारणं हीच. चौकात नीट न बघणं, दिशा बदलताना आरसा न बघणं. इतकी वर्षं झाली, पण माणसं त्याच जागी अडकतात.

दुसरी गोष्ट हाताचे इशारे. माझ्या बॅचमधल्या एका मुलाला साहेबांनी विचारलं, डावीकडे वळायचा हात दाखव. त्यानं डाव्या खिडकीतून डावा हात बाहेर काढायचा प्रयत्न केला, मध्ये साहेब बसलेले. सगळे हसले. पण त्याची चूक नाही, इंडिकेटरच्या जमान्यात हे कुणी शिकवतच नाही. उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट्या दिशेनं गोल फिरवायचा, म्हणजे डावीकडे वळतोय. सरळ आडवा धरला तर उजवीकडे. तळवा जमिनीकडे करून वरखाली हलवला तर वेग कमी करतोय. हे इशारे ब्रिटिश हायवे कोडच्या वळणाचे. गाड्यांना दिवे नव्हते तेव्हाची ही भाषा. मग गाड्यांच्या दारांच्या खांबातून बाहेर येणारी छोटी दांडी आली, मग लुकलुकणारे दिवे. ब्रिटननं १९७५ मध्ये टेस्टमधून हाताचे इशारे काढून टाकले. आपल्या नियमात आजही "हातानं किंवा इंडिकेटरनं" असं दोन्ही आहे. आणि खरं सांगू, बल्ब गेलेल्या रिक्षांनी ही भाषा जिवंत ठेवली आहे. फक्त रिक्षावाल्यांनी त्यात पायाचीही भर घातली.

आता माझा तो चढ.

नियम १५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की तीव्र चढावर थांबून, हँडब्रेक आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर नीट वापरून, गाडी अजिबात मागे न जाऊ देता पुन्हा काढता आली पाहिजे. अजिबात म्हणजे फूटभरही नाही. मला हे आधी जाचक वाटलं. मग मी घाटाचा विचार केला. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या गाडीनं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आपल्याकडे कायद्यातच आहे. कारण उतारावरची गाडी थांबून पुन्हा निघणं सोपं. चढावर भरलेला ट्रक थांबला की पुन्हा निघताना मागे सरकणार, आणि त्याच्या मागे एखादी स्कूटर असेल तर? स्कूटरवाल्याला रिव्हर्स नाही.

जुन्या काळी तर हे आणखी अवघड होतं. आपण आज गिअर बदलतो तो लोण्यासारखा पडतो, कारण आत सिंक्रोमेश नावाची योजना असते. ती पहिल्यांदा आली १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाला रेस द्या, परत क्लच दाबा, मग गिअर. जरा चुकलं की खडखडाट, आणि गिअर पडलाच नाही तर उतारावर गाडी मोकाट. आणि फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर ॲक्सिलरेटर पायाशी नव्हताच, स्टिअरिंगजवळ दांडी होती. मधलं पेडल दाबलं की गाडी रिव्हर्स! तुम्ही-मी आज त्या गाडीत बसलो तर ब्रेक समजून काय दाबू, विचार करा. म्हणून टेस्टच्या यादीत "गिअर सफाईनं बदलणं" हे जे येतं, ते दिसायला बरं म्हणून नाही. त्यामागे त्या मोकाट सुटलेल्या गाड्या आहेत.

भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. मग १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. टेस्टची यादी वाचताना ब्रिटिश सावली जागोजागी दिसते. पुढे-मागे करून गाडी उलट्या तोंडाला वळवणं, रिव्हर्समध्ये एखाद्या अरुंद जागेत शिरणं. ब्रिटननं डिसेंबर २०१७ मध्ये यातलं पुढे-मागे करून गाडी वळवणं आणि कोपऱ्यावरून रिव्हर्समध्ये वळणं टेस्टमधून काढलं, आणि त्याऐवजी नेव्हिगेशन लावून गाडी चालवणं आणलं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे रिव्हर्स राहू दे. आपल्या गल्ल्या बघता तो रोजच लागतो. पण टेस्ट फक्त ट्रॅकच्या दांड्यांमध्येच होणार असेल, तर चौकात समोरून येणाऱ्या आजोबांचा अंदाज घेता येतो का, हे कळणार कसं? नियमात तेही आहे. पादचारी आणि इतर चालक काय करतील याचा अंदाज घेता आला पाहिजे, असं लिहिलेलं आहे. दांडी मात्र अचानक रस्ता ओलांडत नाही.

मध्येच एक प्रश्न पडतो, टेस्ट बंदच केली तर? ब्रिटननं करून बघितलंय. दुसरं महायुद्ध सुरू झालं तशी सप्टेंबर १९३९ मध्ये टेस्ट बंद झाली, ती सुरू झाली नोव्हेंबर १९४६ मध्ये. युद्धाच्या काळात ज्यांनी कच्चं लायसन्स काढलं होतं, त्यांना पुढे १९४७ मध्ये वर्षभराची मुदत दिली, की टेस्ट न देता पक्कं करून घ्या. नंतर १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं प्रकरण झालं, पेट्रोल तुटलं, आणि पुन्हा काही महिने टेस्ट बंद. परीक्षकांना पेट्रोलच्या रेशनिंगच्या कामाला लावलं आणि शिकाऊ चालकांना शेजारी कुणी न बसता गाडी चालवायची परवानगी दिली.

आपल्याकडे टेस्ट कायद्यात आहेच. पण २००४-०५ मध्ये दिल्लीत चार अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लायसन्स काढायला निघालेल्या ८२२ लोकांचा त्यांनी माग ठेवला. काहींना सांगितलं, लवकर काढलंत तर बक्षीस. काहींना गाडी चालवायचे धडे फुकट दिले. काहींना तसंच सोडलं. लायसन्स मिळाल्यावर त्यांची अचानक वेगळी टेस्ट घेतली. निघालं काय? लायसन्स मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सरकारी टेस्ट दिलीच नव्हती, आणि ६२ टक्के लोकांना गाडी धड चालवता येत नव्हती. जास्तीचे पैसे जात होते ते जवळपास सगळे एजंटमार्फत. आणि जे एजंट न घेता सरळ रांगेत उभे राहिले, त्यांना गाडी येत असली तरी नापास केलं जात होतं. तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला. त्यानंतर अर्ज ऑनलाइन गेले, काही ठिकाणी कॅमेरे आणि सेन्सर लावलेले ट्रॅक आले. तरी २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली.

हा आकडा मी रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवला. मला वाटलं, पुन्हा एजंटचा किस्सा येईल. बाबा गप्प झाले. मग आई म्हणाली, "सायकल आठवते का?"

मी तेव्हा शाळेत होते. बाबा सोसायटीतून गाडी मागे घेत होते, त्या दिवशी मागे "येऊ दे" म्हणायला कुणी नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मुलाची सायकल चाकाखाली आली. सायकल चेपली. मुलगा पाण्याची बाटली आणायला वर गेला होता, म्हणून. त्याच्या आईनं आरडाओरडा केला नाही, ती फक्त सायकलपाशी येऊन उभी राहिली. बाबांनी नवी सायकल घेऊन दिली आणि पुढे कित्येक महिने गाडी मागे घ्यायची वेळ आली की ते किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायचे. घरात हा विषय कधी निघत नाही. एजंटचा निघतो.

त्या दिवशी रात्री बाबा म्हणाले, "उद्या सकाळी चल, चढाचा सराव करू. हँडब्रेक आधी सोडतेस तू. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीचं नाक जरा उचललं, की मग सोड."

गेलो. पाण्याच्या टाकीजवळचा चढ आहे आमच्याकडे, तिथे. पहिल्या तीन वेळा बंद पडली, चौथ्यांदा निघाली. मग बाबांना म्हटलं, आता तुम्ही रिव्हर्स घेऊन दाखवा, मी मागे उभी राहणार नाही. त्यांनी आरसा लावला, मान वळवली, आणि मग मला म्हणाले, "तू जरा बाजूला हो, तू दिसत नाहीयेस." मी गाडीच्या मागे नव्हतेच, डाव्या कोपऱ्यात होते. आरसाच चुकीचा लावला होता. तो आम्ही दोघांनी मिळून नीट केला.

कायद्याप्रमाणे नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. माझी पुढची तारीख मंगळवारची आहे. निकाल पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगते.